ओहोटीची पंगत, भरतीचा विसावा

रायगड जिल्ह्याचा समुद्रकिनारा सरळ रेषेत गेलेला नाही. ठिकठिकाणी सागराने भूमीच्या आत आपले हात लांबविले आहेत. या हातांनाच खाड्या म्हणतात. उत्तरेस पनवेलची खाडी, तिच्या खाली धरमतरची, पुढे रेवदंड्याची व राजपुरीची आणि अगदी दक्षिणेस बाणकोटची, अशी ही खाड्यांची मालिका आहे. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्या सह्याद्रीच्या उतारावरून धावत येतात आणि पावसाळ्यात बरोबर आणलेला गाळ या खाड्यांच्या ओटीत टाकतात. शांत पाण्यात तो गाळ सावकाश तळाशी बसतो. वर्षानुवर्षे साचत गेलेल्या या गाळाची विस्तीर्ण मैदाने खाड्यांच्या दोन्ही काठांना तयार झाली आहेत.

ही मैदाने प्रथमदर्शनी कोणाच्याही मनात भरत नाहीत. त्यांवर हिरवळ नसते, फुले नसतात. पाऊल टाकावे तर ते गुडघ्यापर्यंत रुतते. ऊन तापले की तेथून एक उग्र दर्प येऊ लागतो. रस्त्याने जाणारा प्रवासी तिकडे पाहून "नुसता चिखल आहे!" असे म्हणतो आणि मान फिरवितो. परंतु मनुष्य ज्या जागेकडे पाठ फिरवितो, त्याच जागेचा शोध घेत दूर उत्तरेकडील हिमप्रदेशातून हजारो किलोमीटर उडत आलेले पक्षी दरवर्षी नेमाने येथे उतरतात. त्यांना या चिखलात असे काय सापडते?

या प्रश्नाचे उत्तर उरण तालुक्यात चांगले पाहावयास मिळते. मुंबई बंदराच्या पूर्वेस, पाण्यापलीकडे हा तालुका पसरला आहे. कोरीव लेण्यांसाठी जगप्रसिद्ध असलेले घारापुरी बेट याच तालुक्यात मोडते. येथील आगरी आणि कोळी लोक पिढ्यान् पिढ्या मासेमारी, मिठागरे आणि खारजमिनीवरील भातशेती यांवर जगत आले. याच तालुक्यात पाणजे आणि डोंगरी या गावांजवळ एक उथळ पाणथळ आहे. पाणथळ म्हणजे पूर्ण जमीनही नव्हे आणि पूर्ण पाणीही नव्हे, अशी दोहोंच्या सीमेवरील जागा. पाणज्याची पाणथळ आणि तिच्याभोवतीचे खाडीचे चिखलपट्टे यांचे नाते समजले, की पक्ष्यांच्या येण्याचे रहस्य उलगडते.

खाडीकाठचे सारे जीवन एका घड्याळावर चालते. ते घड्याळ म्हणजे आकाशातील चंद्र होय. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी चढते व उतरते. एका भरतीनंतर सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी दुसरी भरती येते आणि दोन भरतींच्या मध्ये ओहोटी लागते. अमावास्येच्या व पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत जास्त चढते. त्याला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते सर्वांत कमी चढते. ती भांगाची भरती. मोठ्या उधाणाच्या दिवशी या भागात पाण्याची पातळी चार मीटरांहूनही अधिक वर-खाली होते.

भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत कोकणातील जुन्या माणसांना तोंडपाठ असते. पंचांगात त्या दिवशीची तिथी पाहावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या सुमारास पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणून भरती पावणेचारच्या सुमारास. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणून भरती सहाच्या सुमारास. हा हिशेब ढोबळ आहे, तरी होडी केव्हा लोटावी हे ठरविण्यास तो पुष्कळदा पुरतो. खाडीकाठच्या पक्ष्यांना पंचांग वाचता येत नाही. परंतु त्यांचा दिवसही याच हिशेबाने चालतो.

ओहोटी लागली की पाणी मागे सरू लागते. प्रथम काठाजवळचा चिखल उघडा पडतो, मग त्यापुढचा, आणि पाहता पाहता दूरवर एक ओले, चकचकीत मैदान पसरते. वरून ते ओसाड दिसते. परंतु त्याच्या पोटात एक गजबजलेले गाव असते. कांदळवनातील झाडांची पाने गळून या चिखलात कुजतात. त्या कुजलेल्या पानांवर आणि गाळातील सूक्ष्म शेवाळावर असंख्य किडे, जंत आणि चिमुकले शंखशिंपले वाढतात. शिवल्या आणि कालवे याच परिसरात वाढतात. जागोजाग खेकड्यांची बिळे असतात. त्यांतील एका लहान जातीच्या नराची एक नांगी त्याच्या देहाच्या मानाने प्रचंड मोठी असते. ती वर-खाली हालवून तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नरांना धाक घालतो. लहान नांगीने तो चिखल तोंडात घालतो, त्यातील अन्नकण काढून घेतो आणि उरलेल्या चिखलाची बारीक गोळी करून बाजूस ठेवतो. त्याच्या बिळाभोवती अशा गोळ्यांची जणू रांगोळी पडलेली असते.

याच चिखलावर निवटी नावाचा अद्भुत मासा राहतो. पाणी ओसरले तरी तो पाण्यामागे धावत नाही. कल्ल्यांच्या पोकळीत थोडे पाणी साठवून आणि ओल्या कातडीवाटे हवा घेऊन तो उघड्यावर श्वास घेतो. पुढच्या परांचा पायांसारखा उपयोग करून तो सरपटतो आणि शेपटीचा झटका देऊन उड्या मारतो. मासा असून तो जमिनीवर वावरतो, ही खाडीची किमयाच म्हटली पाहिजे.

अशा रीतीने दिवसातून दोनदा ओहोटी या चिखलावरील झाकण उचलते आणि पक्ष्यांची पंगत बसते. या पंगतीत शेकडो पाने मांडलेली असतात. तरीही फारशी भांडणे होत नाहीत. याचे कारण पक्ष्यांच्या चोचींत आहे. चिखल्या नावाच्या लहान पक्ष्याची चोच आखूड आणि डोळे मोठे असतात. तो चार पावले पळतो, थबकतो आणि पृष्ठभागावर हालणारा किडा टिपतो. टिलवा हा त्याहून लहान पक्षी ओल्या चिखलावर भराभर चोच मारीत वरच्या थरातील जीव वेचतो. पाणटिवळ्याची चोच लांब व सरळ असते. ती तो डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसतो. तिचे टोक इतके संवेदनक्षम असते, की अंधाऱ्या चिखलात दडलेला जंत त्याला स्पर्शानेच समजतो; आणि सबंध चोच न उघडता केवळ टोक उघडून तो त्याला पकडू शकतो. कुरल पक्ष्याची चोच सर्वांत लांब आणि कोयत्याप्रमाणे खाली वाकलेली असते. खेकड्यांच्या वाकड्या बिळात हात घालावा, तशी ती तो आत घालतो. शेकाट्या आपल्या लांबलचक गुलाबी पायांवर उथळ पाण्यात उभा राहून अन्न टिपतो. बगळे पुतळ्याप्रमाणे निश्चल उभे असतात. मासा टप्प्यात आला, की त्यांची मान बाणासारखी सुटते. चिखल एकच, परंतु कोणी वरचा थर घेतो, कोणी मधला, कोणी तळचा. निसर्गाने येथे प्रत्येकाचे ताट निराळे वाढले आहे.

या सर्वांत लोकांचे लक्ष वेधून घेतो तो रोहित पक्षी. त्याला हल्ली फ्लेमिंगो या नावानेही सर्वजण ओळखतात. मुंबई आणि ठाणे खाडीच्या परिसरात या पक्ष्यांची संख्या काही वर्षी लाखाच्या वर गेल्याचे मोजणीत आढळले आहे. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास त्यांचे थवे येऊ लागतात आणि पावसाळा तोंडावर आला की ते निघून जातात. त्यांची खाण्याची तऱ्हा मोठी विलक्षण असते. लांब मान खाली सोडून रोहित आपली वाकडी चोच उलटी करून पाण्यात धरतो. जाड जिभेने तो पाणी चोचीत ओढतो व बाहेर टाकतो; चोचीच्या कडांना असलेल्या बारीक झालरींत शेवाळ आणि सूक्ष्म जीव अडकून राहतात. म्हणजे त्याच्या तोंडात एक गाळणीच बसविलेली असते. त्याचा गुलाबी रंगही याच अन्नातून येतो. रोहिताची पिले करड्या रंगाची असतात. शेवाळातील व लहान जीवांतील रंगद्रव्य शरीरात साठत गेले, की काही वर्षांनी त्यांच्या पिसांवर गुलाबी छटा चढते. ज्या चिखलाला मनुष्य नावे ठेवतो, त्याच चिखलाने हा मनोहर रंग दिलेला असतो.

परंतु पंगत कायमची चालत नाही. काही तासांनी पाणी परत वळते. चिखलावर एक पातळ चकाकणारी रेषा पुढे सरकू लागते आणि पक्षी तिच्या पुढे पुढे काठाकडे हटू लागतात. अखेर उभे राहण्यासही जागा उरत नाही. चिखल्या, टिलवा, पाणटिवळा हे बदकांप्रमाणे तासन् तास तरंगत राहणारे पक्षी नव्हेत. त्यांना टेकण्यास कोरडी किंवा घोट्याइतक्या पाण्याची जागा हवी असते. अशा वेळी सगळा थवा एकदम उडतो. हवेत तो एकाच देहाप्रमाणे वळतो. क्षणात पांढरी पोटे चमकतात आणि क्षणात तपकिरी पाठी दिसतात. मग तो पाणज्यासारख्या उथळ पाणथळीवर येऊन उतरतो.

येथेच पाणज्याचे महत्त्व आहे. भरतीच्या वेळी समोरच्या खाडीतील चिखल पाण्याखाली जातो तेव्हा पाणथळीत उथळ पाणी आणि ओली जमीन शिल्लक असते. चहूबाजूंना मोकळे दिसत असल्याने शत्रू दुरूनच ओळखता येतो. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून, एक पाय पोटाशी घेऊन, चोच पाठीच्या पिसांत खुपसून उभे राहतात. काही डुलक्या घेतात, काही पिसे साफ करतात. थापट्या नावाची रुंद चोचीची बदके जवळच्या पाण्यात पोहत असतात. वर घार किंवा भोवत्या घिरट्या घालू लागला, की पहिला सावध झालेला पक्षी ओरडतो आणि सारा मेळावा जागा होतो. पौर्णिमेच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास येथे यावे तर पक्ष्यांची दाटी दिसते; अष्टमीला त्याच वेळी यावे तर ती विरळ झालेली आढळते, कारण तेव्हा खाडीत ओहोटी असून मंडळी जेवावयास गेलेली असतात.

म्हणून खाडीकाठच्या या पक्ष्यांना दोन घरे लागतात. एक ओहोटीचे, जेथे पोट भरते. आणि दुसरे भरतीचे, जेथे विसावा मिळतो. दोन्ही घरे एकमेकांपासून जवळ असावी लागतात. विसाव्याची जागा नाहीशी झाली, तर पक्ष्यांना भरती असेपर्यंत हवेत फिरत राहावे लागते किंवा दूर जागा शोधावी लागते. चिखलातून कष्टाने मिळविलेले अन्न मग उडण्यातच खर्च होते. अन्नाचे कोठार शाबूत असूनही ते उपाशी राहू शकतात. ही गोष्ट २०२२ साली निराळ्या मार्गाने तपासून पाहण्यात आली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उरणच्या उत्तरेस असलेल्या ठाणे खाडीत सहा रोहित पक्ष्यांच्या अंगावर त्यांचे ठिकाण कळविणारी लहान यंत्रे बसविली. त्यामुळे खाडी आणि भोवतालच्या पाणथळी यांमध्ये होणारे त्यांचे जाणे-येणे नोंदता आले. आणि पावसाळ्यात त्यांपैकी पक्षी गुजरातकडे गेल्याचेही समजले.

या विसाव्याला एवढे महत्त्व का, हे पक्ष्यांच्या प्रवासाकडे पाहिले म्हणजे कळते. टिलव्याचे वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम असते. एवढासा जीव उन्हाळ्यात युरोप आणि सायबेरियाच्या उत्तर टोकाकडील प्रदेशात अंडी घालतो. तेथे त्या दिवसांत सूर्य जवळजवळ मावळत नाही आणि किड्यांचा सुकाळ असतो. हिवाळ्यात मात्र सर्व भूमी गोठते. म्हणून तो दक्षिणेकडे निघतो आणि पर्वत व वाळवंटे ओलांडून येथे पोहोचतो. अशा अनेक जातींत मोठे पक्षी आधी निघून जातात आणि त्याच वर्षी जन्मलेली पिले मागाहून, कोणी वाट न दाखविता, पहिलाच प्रवास करतात. हिमप्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंतच्या या आकाशमार्गाला मध्य आशियाई उड्डाणमार्ग असे नाव आहे. तो तीस देशांवरून जातो. पाणटिवळ्याच्या कुळातील एका जातीच्या पिलाने २०२२ साली अलास्कापासून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटरांचे अंतर अकरा दिवसांत, वाटेत कोठेही न उतरता, कापले. तो मार्ग पॅसिफिक महासागरावरचा होता. परंतु या कुळाची शक्ती केवढी आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

असे प्रवास मनुष्याला समजले कसे? १८९९ साली डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने साळुंकीच्या कुळातील पक्ष्यांच्या पायांत अंक व पत्ता कोरलेली हलकी कडी घातली. दूर देशी तो पक्षी कोणाला सापडला, तर कड्यावरून त्याचे मूळ ठिकाण कळे. ही रीत पुढे जगभर पसरली. भारतात डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने हे काम मोठ्या प्रमाणावर केले. परतीच्या प्रवासापूर्वी हे पक्षी अंगात चरबी साठवितात. काहींचे वजन तर जवळजवळ दुप्पट होते. ती चरबी म्हणजे त्यांची शिदोरी होय. ती शिदोरी येथील चिखलात बांधली जाते आणि पाणथळीच्या विसाव्यात टिकते. शिदोरी अपुरी राहिली, तर वाटेत मदत करणारे कोणी नसते.

चिखल आणि पाणथळ यांच्या मध्ये उभे असते ते कांदळवन. तिवर, कांदळ, चिपी ही त्यातील प्रमुख झाडे. चिखलात हवा नसल्याने तिवर आपली श्वसनमुळे भाल्याच्या पात्यांप्रमाणे चिखलाबाहेर काढते आणि त्यांवाटे हवा घेते. मुळांवाटे आलेले जादा मीठ ते पानांतून बाहेर टाकते. ते पानावर हात फिरवून जिभेला लावले तर खारट लागते. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखा कोंब झाल्यावर खाली पडते. या वनात बगळे घरटी बांधतात, खंड्या दबा धरून बसतो आणि रात्री कोल्हा खेकडे व उंदीर शोधीत हिंडतो. कोळंबीची व माशांची पिले याच मुळांच्या आसऱ्याने वाढतात. म्हणून कांदळवन राहिले तर कोळ्याच्या जाळ्यात मासळी येते. वादळात लाटांचा पहिला तडाखा हीच झाडे झेलतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर धडकले होते. अशा किनाऱ्याला या हिरव्या भिंतीची गरज सांगावी लागत नाही. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला.

रायगडच्या लोकांना पाणी अडविण्याची आणि सोडण्याची कला नवी नाही. खारजमिनीत भात पिकविण्यासाठी त्यांनी पूर्वापार मातीचे बांध घातले आणि त्यांत उघाड्या ठेवल्या. शेतातील पाणी ओहोटीला उघाडीवाटे बाहेर जाते आणि भरतीला तिचे दार मिटून खारे पाणी बाहेरच राहते. पाणथळीची गरज याच्या नेमकी उलट आहे. तिला भरतीचे पाणी आत हवे असते. ते येण्याच्या वाटा बुजल्या, तर पाणथळ काही दिवसांत आटते, चिखलाला भेगा पडतात, त्यातील जीव मरतात आणि जमीन रिकामी दिसू लागते. मग "येथे पक्षी कोठे आहेत?" असे विचारणे सोपे होते. पाणज्यालाही अलीकडच्या वर्षांत असे कोरडे दिवस पाहावे लागले. भरतीच्या वाटा मोकळ्या कराव्यात, यासाठी निसर्गप्रेमींनी आणि मच्छीमारांनी तक्रारी केल्या आणि हा प्रश्न न्यायासनापर्यंत गेला.

न्हावा-शेवा येथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्यानंतर या भागात रस्ते, गोदामे आणि वसाहती वाढल्या. १२ जानेवारी २०२४ रोजी मुंबईहून येणाऱ्या अटल सेतूचे उद्‌घाटन झाले. देशाला बंदर हवे, लोकांना काम हवे, हे खरेच आहे. परंतु भराव टाकताना पाण्याची वाट कोठून जाते, हे आधी पाहता येते. आणि ओहोटीचे घर राखून भरतीचे घर बुजविले तर पहिल्या घराचाही उपयोग राहत नाही, हे ध्यानात ठेवता येते. जगाने हा विचार पूर्वीच केला आहे. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या गावी पाणथळींच्या रक्षणाचा करार झाला. भारत १९८२ साली त्यात सामील झाला. महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी या जागा रामसरच्या यादीत आहेत. ठाणे खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले होते. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली. तथापि, पक्ष्यांना अभयारण्याची सीमा ठाऊक नसते. ते ठाणे खाडीत जेवतील आणि भरतीला दुसरीकडे विसावतील. म्हणून सीमेबाहेरच्या लहान पाणथळींकडेही तितकेच लक्ष दिले पाहिजे.

हे लक्ष देण्यास मोठी साधने लागतात असे नाही. रायगडच्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळ किहीम नावाचे गाव आहे. १९३० साली डॉ. सलीम अली नोकरी नसलेल्या दिवसांत तेथे राहत होते. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ते दिवसेंदिवस त्यांच्या घरट्यांकडे पाहत बसले आणि दिसेल ते टिपून ठेवीत गेले. तेव्हा त्यांना आढळले, की घरटी नरच विणतो. घरटे अर्धे झाले की मादी येऊन ते तपासते. आवडले तरच ती ते स्वीकारते आणि मग नर ते पुरे करून दुसरे घरटे विणावयास घेतो. हजारो लोकांनी सुगरणीची घरटी पाहिली होती. परंतु सलीम अलींनी ती रोज, एकाच जागी आणि धीराने पाहिली.

खाडीकाठही अशाच धीराने पाहिला पाहिजे. ओहोटीला एकदा, भरतीला एकदा; अष्टमीला एकदा, पौर्णिमेला एकदा. कोणता पक्षी केव्हा आला, कोठे बसला, कोणत्या वाटेने पाणी आत शिरले, हे वहीत लिहून ठेवले पाहिजे. गेल्या वर्षी जेथे पाणी येत होते तेथे यंदा ते का आले नाही, असा प्रश्न अशा वहीतूनच उभा राहतो. आणि तो वेळेवर विचारला गेला, तर उत्तरेकडून निघालेल्या त्या पंचवीस-तीस ग्रॅमच्या पाहुण्याला येथे पोहोचल्यावर पंगतही मिळते आणि विसावाही.

शब्दार्थ

पाणथळ – उथळ पाण्याची किंवा सदैव ओली राहणारी जागा. दर्प – उग्र वास. निश्चल – न हालणारा. संवेदनक्षम – स्पर्श चटकन जाणणारा. उघाडी – खारबांधातील पाणी बाहेर सोडण्याचे दार. शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न. शाबूत – सुरक्षित, न बिघडलेले. भराव – जमीन उंच करण्यासाठी टाकलेली माती व दगड.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) उधाणाची भरती केव्हा येते?
(आ) निवटी पाण्याबाहेर श्वास कसा घेते?
(इ) रोहित पक्ष्याला गुलाबी रंग कशामुळे येतो?

२. कारणे द्या.
(अ) एकाच चिखलावर अनेक जातींचे पक्षी फारसे न भांडता जेवतात.
(आ) भरती आली की टिलवा आणि चिखल्या यांना दुसरी जागा शोधावी लागते.
(इ) कांदळवन राहिले तर कोळ्याला मासळी मिळते.

३. चार-पाच ओळींत उत्तरे लिहा.
(अ) पक्ष्यांना 'दोन घरे' लागतात, असे का म्हटले आहे?
(आ) शेतातील उघाडी आणि पाणथळीची गरज यांत कोणता फरक आहे?

४. हिशेब करा. दशमीच्या दिवशी पूर्ण भरती सुमारे किती वाजता येईल? त्या वेळी पाणज्याच्या पाणथळीत पक्षी अधिक असतील की कमी? का?

५. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
मनात भरणे, नावे ठेवणे, लक्ष वेधून घेणे, दबा धरून बसणे.

६. उपक्रम : आपल्या गावाजवळील तळे, नदी किंवा खाडी यांपैकी एक जागा निवडा. महिनाभर आठवड्यातून एकदा एकाच वेळी तेथे वडीलधाऱ्यांसोबत जाऊन दिसलेले पक्षी व पाण्याची पातळी यांची नोंद करा.